अंधार! येऊ दे!

"अहो! ओ पक्कडवाले! डोळे काय घरी ठेवून आलात?"

धक्क्यावर वाकलेला तरुण दचकून वळला. एका हातात पक्कड, दुसऱ्या हातात जाडजूड पिवळी केबल... विजेच्या खांबावरून नुकतीच उपटलेली. समोर, निळ्या बोटीच्या कठड्याला धरून एक मुलगी उभी होती. अनवाणी, गळ्यात मोजपट्टी, बाहीला टाचण्या टोचलेल्या, भुरभुर पावसाने केस कपाळाला चिकटलेले, आणि रागाने नुसती लाल झालेली.

"लावा ती परत! आधी लावा, मग बघत बसा!"

त्याने निमूटपणे केबल लावली, खांबावरचं बटण वर केलं. बोटीच्या आतून येणारी टीं-टीं-टीं थांबली आणि एक मशीन पुन्हा घरघरायला लागलं. तेव्हा कुठे मुलीने श्वास सोडला.

"बाबा ऑक्सिजनच्या मशीनवर आहेत," ती म्हणाली. "तुम्ही त्यांच्या नाकातला श्वास उपटलात."

तरुणाचा चेहरा पांढराफटक पडला. "मला सांगितलं, निळ्या बोटीचा प्लग तापतोय, काढून बदल..."

"धक्क्यावर निळ्या बोटी तीन आहेत."

"ते... आत्ता कळलं."

"फार लवकर कळलं!"

झाली ही भेट! पुढे प्रेमात पडायचं असलेल्या माणसांनी याहून बरी सुरुवात करायला हरकत नव्हती, पण ते कुणाच्या हातात असतं का?

ती बोट म्हणजे एके काळची फेरीबोट. मुलीचे बाबा तिचे कप्तान. उभ्या आयुष्यात त्यांनी दुसरं काही केलं नाही, या काठावरची माणसं त्या काठाला नेली आणि त्या काठावरची इकडे आणली. मग फेऱ्या बंद झाल्या, फुप्फुसांनी दगा दिला आणि कप्तान सामानसुमान घेऊन बोटीवरच राहायला आले. "मला चार भिंतींत कोंडू नका, तिथे मी वेळेआधी मरेन," म्हणाले. आई आधीच गेलेली. मुलगी शिवणयंत्र घेऊन त्यांच्या मागोमाग आली आणि आजूबाजूच्या बोटींची छतं, गाद्या, पडदे शिवू लागली. बोटीला वीज यायची ती धक्क्यावरच्या खांबावरून. बोटीचा स्वतःचा जनरेटर होता, पण तो तापून बंद पडायचा. म्हणजे त्या पिवळ्या केबलला बाबांचा जीव टांगलेला होता म्हणा ना.

"कोण आहे गं छकुली?" आतून खोकत आवाज आला.

"धक्क्याचे नवे इलेक्ट्रिशियन. तुमचा प्लग उपटला यांनी!"

"मग आत बोलाव की. एवढं तोंडसुख घेतलंस, आता चहा तरी पाज त्याला."

तो खाली मान घालून आत आला. कप्तान खुर्चीत बसले होते, नाकाला नळी, पण डोळे कसे लखलखीत. त्यांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "ये रे करंट." तेव्हापासून तो करंट झाला. त्याचं खरं नाव विचारायचं कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

"इकडे बघ," कप्तानांनी जिन्याखालच्या विजेच्या फळ्याकडे बोट दाखवलं. "हा दांडा इकडे केला की किनाऱ्याची वीज. तिकडे केला की जनरेटरची. मधे शून्य. दोन्हीकडून एकदम घेता येत नाही. इकडून तिकडे जायचं तर शून्यावरूनच जावं लागतं, आणि तेवढा वेळ सगळं बंद. म्हणून माझ्या बोटीवर एक कायदा आहे. दांड्याला हात लावणारा आधी ओरडतो, 'अंधार!' मग बोटीवर जितकी माणसं, तितके आवाज आले पाहिजेत, 'येऊ दे!' एक जरी आवाज कमी आला, तरी दांडा फिरवायचा नाही."

"का हो?"

"कुणाचा हात यंत्रात असेल, कुणाचा पाय जिन्यावर. आवाज आला म्हणजे माणूस ठीक आहे."

"आणि आज कुणी ओरडलंच नाही," मुलगी किटली आपटत म्हणाली.

"चुकलो," तो म्हणाला. "उद्यापासून धक्क्यावरून ओरडत जाईन."

"उद्या? उद्या कशाला येताय?"

"केबल तपासायला."

"मग आजच तपासा ना."

"आज... पाऊस आहे."

कप्तानांना खोकला आला. तो खोकला खोटा होता, हे तिला चांगलं कळलं.

तो दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशीही आला. केबलमध्ये तपासण्यासारखं ते काय असणार! पण कधी प्लगच्या पिना घासायला, कधी खांबाचं झाकण घट्ट करायला, काहीतरी निमित्त काढून स्वारी हजर. आणि आल्यावर चहा व्हायचा.

आता त्या चहाची गंमत सांगायला हवी. खांबावरून मिळणारी वीज बेताची. बाबांचं मशीन रात्रंदिवस चालायचं, त्याचा पहिला मान. उरलेल्या विजेत एक तर किटली, नाहीतर इस्त्री. दोन्ही एकदम लावल्या की खांबावरचं बटण खटकन पडणार आणि मशीनही बंद होणार. म्हणून पडद्यांच्या शिवणीवर इस्त्री फिरवत असताना ती कुणालाही चहा देत नसे. बाबांनी मागितला तरी "थांबा हो बाबा, एवढी बाजू होऊ दे!"

आणि करंटची पावलं फळीवर वाजली, की इस्त्री बंद आणि किटली चालू.

"माझ्यासाठी नाही कधी इस्त्री बंद केलीस," एकदा कप्तान म्हणालेच.

"पाहुणे आहेत ते."

"रोज येतो तो पाहुणा?"

तिने नाक मुरडलं, पण कान लाल झाले. करंटने कपात तोंड घातलं ते वर काढेना.

"माझ्यामुळे तुमची इस्त्री थंड होते," निघताना तो हळूच म्हणाला.

"होऊ दे. परत तापवता येते."

"आणि राग?"

"तो विजेवर चालत नाही माझा."

"हो, बघितलाय. किनाऱ्यावरून काहीच घ्यावं लागत नाही त्याला... छकुली."

"खबरदार! छकुली फक्त बाबा म्हणतात!"

तो हसत हसत धक्क्यावर उडी मारून गेला. ती उगाचच कठड्याशी उभी राहिली. लाटा बोटीला चापट्या मारत होत्या, आणि तिला कितीतरी दिवसांनी वाटलं, आजचा दिवस बरा गेला.

पण घरात एक गोष्ट होती, जिच्यावर कुणी हसत नव्हतं. कप्तानांना एकदा, फक्त एकदा, दीपगृहापर्यंत जायचं होतं. खाडीच्या तोंडाशी खडकावर ते दीपगृह होतं. रोजच्या फेरीत ते त्याला वळसा घालायचे. डॉक्टरांनी मुलीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आता फार दिवस नाहीत. त्यांचं मन मारू नका." पण जायचं म्हणजे केबल धक्क्यावर सोडायची आणि बाबांचा श्वास जनरेटरच्या हवाली करायचा. जवळ छोटं सिलिंडर होतं, ते कितीसं पुरणार! म्हणून बाबांनी विषय काढला की ती म्हणायची, "जनरेटर बिघडलाय ना बाबा." आणि विषय तिथेच संपायचा.

मग एके दिवशी कप्तानांनी तिच्यासमोरच विचारलं, "करंट, आमचा जनरेटर बघशील?"

"बघतो की!"

तिने त्याच्याकडे असं काही पाहिलं, की दुसरा कुणी असता तर तिथेच गप्प बसला असता. पण करंट तोवर बाह्या सरसावून खाली उतरलासुद्धा होता.

खरं तर बिघाड लहानसा होता. थंड पाणी ओढणाऱ्या पंपातला रबरी पंखा झिजून त्याची पाती तुटली होती. पाणी चढत नव्हतं, म्हणून यंत्र तापत होतं. त्याने पंखा बदलला, डिझेलची चाळणी बदलली, नळ्या साफ केल्या. मग चाचण्या सुरू झाल्या.

"अंधार!" ती दांड्यापाशी उभी राहून ओरडायची.

"येऊ दे!" खालून करंट.

"येऊ दे...!" खुर्चीतून कप्तान, शेवटचा 'दे' लांबवत, काठावरच्या माणसाला हाक मारल्यासारखा.

दांडा शून्यावर. जिन्याखाली खिडकी नव्हती, भर दुपारीही तिथे मिट्ट काळोख व्हायचा. आणि त्या काळोखात खालून दबका आवाज यायचा, "मला तुम्हाला एक..."

खट्. दांडा जनरेटरवर. दिवे लागायचे.

"एक काय?"

"एक... चाळणी अजून बदलावी लागेल."

पुढच्या खेपेला, "त्या दिवशी तुम्ही रागावलात ना, तेव्हापासून मला..."

खट्.

"तेव्हापासून काय?"

"तेव्हापासून... व्होल्टेज ठीक आहे."

ती ओठ दाबून हसू आवरायची. दांडा जरा उशिरा फिरवला असता तर वाक्य पुरं झालं असतं, हे काय तिला कळत नव्हतं? पण शून्यावर हात ठेवला की बाबांचं मशीन ओरडायला लागायचं. थांबणार कशी?

आणि एक दिवस यंत्र तासभर चाललं, तापलं नाही, थांबलं नाही. करंट घाम पुसत वर आला. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. तिने त्याला हात धरून धक्क्यावर नेलं. हात धरायची ती पहिलीच वेळ, पण त्याला त्याचाही आनंद घेता आला नाही, कारण तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"एक मागू? बाबांना सांगा, अजून दुरुस्त झाला नाही."

"अहो, पण तो..."

"माहीत आहे मला! झालाय. पण ते गेले आणि वाटेत काही झालं तर? जनरेटर बिघडलेला आहे, तोवर बाबा इथे आहेत. माझ्याजवळ. मला दुसरं कोण आहे हो?"

त्याने आपली काळी झालेली बोटं फडक्याला पुसली. मग म्हणाला, "बरं."

तसा तो रोज येत राहिला. झाकणं उघडायचा, झाकणं लावायचा, आणि कप्तानांकडे न बघता सांगायचा, "अजून तापतोय." ती चहा करायची. बाबा जवळ, करंट जवळ... तिला हवं ते सगळं एका बोटीत होतं. तरी चहा गोड लागत नव्हता.

एका दुपारी ती आतल्या खोलीत पडद्याला इस्त्री करत होती. मधली फळी पातळ, बाहेरचा शब्द न् शब्द ऐकू यायचा.

"करंट," कप्तान म्हणाले, "पंपाचं पाणी समुद्रात पडतं, त्याचा आवाज मी आयुष्यभर ऐकलाय. पाणी भरघोस पडतंय. मग यंत्र तापतं कसं रे?"

पक्कड खाली ठेवल्याचा आवाज आला.

"पोरीसाठी खोटं बोलतोयस. बरं वाटलं मला. पण उद्या मी गेल्यावर तिचं काय होईल, याचा विचार केलास? बाबांची एक इच्छा होती, ती मी अडवली... हेच तिला जन्मभर खात राहील. आता सांग. चालतो?"

"चालतो, कप्तान," करंट म्हणाला. "दिवसभर चालेल."

"शाब्बास. आणि अंधारात अर्धी वाक्यं टाकत जाऊ नकोस. फुप्फुसं गेलीत माझी, कान नाही. बोलायचं तर पुरं बोल तिच्याशी."

जळका वास आला तेव्हा मुलगी भानावर आली. पडद्यावर इस्त्रीचा तपकिरी डाग उमटला होता.

संध्याकाळी तिने त्याला फळीवरच गाठलं. "शब्द दिला होतात मला."

"दिला होता. मोडला."

"मग चालते व्हा!"

तो गेला. नंतरचे काही दिवस किटली आणि इस्त्रीचं भांडण झालं नाही. चहाला कुणी येतच नव्हतं. खांबापाशी तो दिसायचा, छत्री बांधून काम करत, पाठ वळवून. कप्तान नुसते खिडकीतून खाडीच्या तोंडाकडे बघत बसायचे. त्यांचे हात किती बारीक झालेत, हे तिला त्या शांततेत दिसलं. तो डाग पडलेला पडदा तिने टाकून दिला नव्हता, घडी घालून ठेवला होता. एका सकाळी तिने त्या डागाकडे पाहिलं आणि ती बाहेर आली.

"बाबा, कधी निघायचं?"

त्यांनी मान वळवली. एवढा उजळलेला चेहरा तिने वर्षात पाहिला नव्हता. "आजच. पण जनरेटरपाशी माणूस हवा. त्या करंटला हाक मार."

"तुम्ही मारा."

"मला दम लागतो गं," कप्तान म्हणाले. आत्तापर्यंत दमाचं कारण त्यांनी कधीही सांगितलं नव्हतं!

ती खांबापाशी गेली. "बाबा बोलावतायत."

"फक्त बाबा?"

"...आणि जनरेटर."

दुपारी निघाले. जनरेटर आधी थोडा वेळ नुसताच चालवून गरम केला. मग 'अंधार!', मग दोन्ही आवाज, दोन्ही ठीक. दांडा फिरला, सुकाणूमागच्या खुर्चीशेजारी आणून ठेवलेलं मशीन टीं-टीं करून पुन्हा घरघरू लागलं. करंटने धक्क्यावर जाऊन खांबाचं बटण पाडलं, केबल आधी किनाऱ्याकडून सोडवली, मग बोटीकडून, आणि उडी मारून आत आला. बोट हलली. तिने एकदा मशीनकडे पाहिलं, पण बाबांनी सुकाणूवर हात ठेवला होता आणि बोट सरळ निघाली होती.

दीपगृह आलं. चुना पडलेला, वरची एक काच तडकलेली.

"म्हातारं झालंय लेकाचं," कप्तान हसले. त्यांनी भोंगा वाजवला, रोज वाजवायचे तसा, आणि बोटीला डौलदार वळसा दिला. मग म्हणाले, "घे छकुली. मी जरा बसतो."

तिने सुकाणू घेतलं. ते मागच्या खुर्चीत टेकले.

"करंट कुठाय?"

"खाली. जनरेटरपाशी. एकदासुद्धा हलला नाही तिथून."

"चांगलं आहे. जागा सोडत नाही." थोड्या वेळाने, "अजून रागावलीस त्याच्यावर?"

"हो."

"जाईल. तुझ्या आईचाही जायचा."

ऊन उतरत होतं. पाणी अगदी शांत होतं. "बाबा, थंडी वाजतेय का?" तिने विचारलं. मागून "अंहं" आलं. मग ती बोट नेण्यात गुंतली. संध्याकाळच्या वेळी धक्का गाठायचा म्हणजे नजर समोरच लागते.

धक्का आला. करंटने दोर बांधले, केबल जोडली, आधी बोटीला, मग किनाऱ्याला. "तयार!" तो धक्क्यावरून ओरडला. ती जिना उतरून दांड्यापाशी आली. सगळं नीट पार पडलं होतं! कितीतरी दिवसांनी तिने पोटभर श्वास घेतला आणि ओरडली, "अंधार!"

"येऊ दे!" धक्क्यावरून.

वरून काही आलं नाही.

मशीन घरघरत होतं. जनरेटरचं पाणी भरघोस पडत होतं. "अंधार, बाबा!" ती पुन्हा म्हणाली. मग तिसऱ्यांदा म्हणाली नाही. तिला कळलं होतं.

करंट धावत वर आला तेव्हा ती खुर्चीजवळ जमिनीवर बसली होती, बाबांचा हात आपल्या मांडीवर घेऊन. त्याने त्यांच्या मनगटाला हात लावला, आणि तोही तिथेच खाली बसला.

"त्यांनी उत्तर दिलं नाही," ती म्हणाली. "आवाज आल्याशिवाय दांडा फिरवायचा नाही."

"नाही फिरवायचा."

"शून्यावर नेला की त्यांचं मशीन बंद पडेल."

"मग राहू दे चालू. डिझेलची टाकी अर्ध्याच्या वर आहे अजून. मी बसतो."

त्याने समजूत घातली नाही, घाई केली नाही. ती रडली, हमसून हमसून रडली, आणि तो शेजारी बसून राहिला.

"तू खरं बोलला नसतास तर..." ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. त्याच्या गालांवर पाणी होतं.

"...तर ते इथेच गेले असते. खांबाला बांधलेले." तिने डोळे पुसले. "त्यांनी भोंगा वाजवला, ऐकलास?"

"ऐकला."

दिवेलागण झाली तेव्हा ती उठली. जिना उतरली. तो तिच्यामागून आला. तिने दांड्यावर हात ठेवला.

"अंधार." ती ओरडली नाही.

"येऊ दे," शेजारून तो म्हणाला.

मग तिने जिन्यावरून वर, खुर्चीच्या दिशेने पाहिलं आणि स्वतःच, अगदी बाबांसारखं, शेवटचा 'दे' लांबवत म्हणाली, "येऊ दे...!"

दांडा शून्यावर आला. मिट्ट काळोख झाला. वर मशीन ओरडायला लागलं, टीं-टीं-टीं... सवयीने तिचं पाऊल उचललं, आणि थांबलं. त्याने चाचपडत वर जाऊन मशीनचं बटण बंद केलं आणि परत आला. तिचा हात अजून शून्यावरच होता. पहिल्यांदाच तिला दांडा फिरवायची घाई नव्हती.

"बोल," ती म्हणाली. "अर्धं राहिलंय तुझं."

"त्या दिवशी तू रागावलीस ना, तेव्हापासून मला... तू आवडतेस. रोज तुझा आवाज ऐकल्याशिवाय मला करमत नाही. मी जागा सोडणार नाही, छकुली."

त्या नावावर ती रागावली नाही. आता त्या नावाने हाक मारणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. तिने त्याचा हात शोधला, दांड्यावर आपल्या हाताशेजारी ठेवला, आणि दोघांनी मिळून दांडा किनाऱ्याकडे फिरवला.

दिवे लागले. वर, खुर्चीशेजारचं मशीन मात्र गप्पच राहिलं.